विमानाला जू लावणारा गेनबा

विमान पडतं ते आभाळातून, अशी लोकांची समजूत असते. आमच्या क्लबातली विमानं जमिनीवर पडायची. व्यवस्थित उतरायची, चाकं टेकायची, आत बसलेला माणूस हुश्श करायचा, आणि तेवढ्यात ते दोन मजली पंखांचं धूड स्वतःभोवती गर्रकन फिरायचं. खालचा पंख जमिनीला घासायचा, कापड टरकायचं, धुळीचा लोट उठायचा आणि त्या धुळीतून गेनबाचा आवाज यायचा, "पाय मेले का पाय?"

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याकडचा. पिंपरीला नव्यानं सुरू झालेल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो. आठवडाभर कागदावर रेघा मारायच्या आणि रविवारी सायकल दामटत भोसरीच्या पुढच्या माळावर जायचं, असा माझा कार्यक्रम होता. आज त्या माळावर लेथ मशिनी फिरतात. तेव्हा तिथे गावाचं गायरान होतं, एक पत्र्याची मोठी शेड होती, दोन विमानं होती आणि गेनबा होता. विमान शिकायला जातो म्हटल्यावर घरून आलेल्या पत्रात आईनं फक्त एवढंच विचारलं होतं, की पडलं तर कुणी उचलायला असतं का. मी लिहिलं, असतं. ते गेनबाच्या भरवशावरच लिहिलं होतं.

क्लबाच्या वहीत त्याची नोंद 'मैदानावरचा मजूर' अशी होती. चाळिशी उलटलेला, काळा, काटक, गुडघ्याच्या वर धोतर आणि डोक्याला एवढं मोठं मुंडासं. क्लबात येण्याआधी तो चाकणहून पुण्याला कांद्याच्या गाड्या न्यायचा. जत्रेत गाडा पळवण्यातही त्याचं नाव होतं, असं गावातली माणसं सांगत. तो स्वतः ते सांगत नसे. मात्र कुणी दुसऱ्यानं सांगायला घेतलं की उठून जातही नसे.

मी पहिल्यांदा माळावर गेलो तेव्हा तो अनवाणी, मान ताठ ठेवून, अगदी सावकाश सरळ रेषेत चालत होता. मला वाटलं, नवस असेल. मी हाक मारली तर त्यानं हातानंच थांबायची खूण केली, माळाच्या टोकापर्यंत गेला, चार हात बाजूला सरकून तसाच परत आला आणि मग म्हणाला, "बोला."

"काय करताय?"

"खडं बघतोय."

"मग खाली का बघत नाही?"

"डोळ्याला न्हाई कळत. पायाला कळतं."

रोज सकाळी तो सगळा माळ असा पायांनी वाचून काढायचा. पायाला खडा लागला की खाली बसायचा, उकरून काढायचा, धोतराच्या सोग्यात टाकायचा. माळाच्या कडेला त्यानं चार वर्षांत वेचलेल्या दगडांचा ढीग होता, पुरुषभर उंच. पाहुणे आले की क्लबाची मंडळी त्यांना विमानं दाखवायची आणि गेनबा तो ढीग दाखवायचा. गायरान विमानांना द्यायला गाव तयार नव्हतं. ते गेनबानं घरोघर हिंडून तयार केलं होतं. "आपल्या माळावर इमान उतरंल, आन ते परत उडंल, त्याला मी जामीन," असं तो चावडीत बोलून बसला होता. त्यामुळे तो माळ म्हणजे त्याची अब्रू होती. माळाला कुणी ओबडधोबड म्हटलं तर सुनेला कुणी काळी म्हटल्यासारखा त्याला राग यायचा.

विमान उतरताना तो शेडच्या दाराशी उकिडवा बसलेला असे. उतरणं चांगलं होणार असेल तर बसून राही. बिघडणार असेल तर चाकं टेकायच्या आधीच उठून उभा राही. हे त्याला कसं कळायचं ते देवाला ठाऊक, पण कळायचं. आम्हा शिकाऊ लोकांची तर अशी स्थिती झाली होती, की उतरताना वाऱ्याची कापडी पिशवी नंतर बघायचो, आधी गेनबा बसलाय का ते बघायचो. एकदा खुद्द देशमुख साहेब उतरत होते. हे आमचे शिक्षक. लढाईत विमानं चालवून आलेला उमदा माणूस, शिकवायचा भरभर आणि इंग्रजीतच. माळापासून दहा हातांवर आले असतील, आणि गेनबा उठला. आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर इंजिन गर्जलं, विमान पुन्हा वर गेलं, मोठा वळसा घालून दुसऱ्यांदा उतरलं. साहेब खाली उतरून तडक गेनबाकडे गेले.

"का उठलास?"

"वारं फिरलं व्हतं, साहेब."

साहेबांनी वाऱ्याच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी खरंच उलटीकडे गेली होती. त्या दिवसापासून साहेबही आधी गेनबाकडे बघत, हे मी पैजेवर सांगतो.

त्याची आणखी एक शिस्त होती. विमान थांबलं, पंखा बंद झाला, तरी तो कुणाला शाबास म्हणत नसे. दोर आणून पंख खुंट्यांना बांधी आणि मग विचारी, "बैल सोडलं का?" म्हणजे हातपाय विमानाच्या कामातून मोकळे झाले का. उतरल्यावर काम संपलं असं समजणाऱ्या माणसाचा त्याला फार राग होता. त्याचं बरोबर होतं. त्या विमानाला पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली नांगराच्या फाळासारखी एक लोखंडी पट्टी असे. सगळं वजन चाकांच्या मागे. माळावर पळताना आडवा वारा लागला की शेपूट एका अंगाला सरकू लागे, आणि एकदा सरकली की ती पुढे जायलाच बघे. उतारावर भरलेली गाडी मागून रेटते आणि बैल बाजूला फेकले जातात, तसं. तिला वेळेवर आवरायचं ते शेपटीवरच्या उभ्या सुकाणूनं, आणि सुकाणूचा ताबा पायांत. पुढच्या-मागच्या दोन्ही बैठकांत पायांखाली एकेक आडवा दांडा, मधोमध खिळलेला, दोन्ही एकमेकांना जोडलेले. त्याच्या दोन टोकांवर दोन पाय. एक पाय पुढे गेला की दुसरा मागे येई.

हा दांडा आम्हाला गेनबानं शिकवला. खरं तर साहेबांनीही शिकवला होता, पण त्यांचं इंग्रजी ऐकताना आमची अर्धी अक्कल भाषांतरातच खर्च व्हायची. चाकणच्या बागायतदाराचा शंकर तर नुसता मान हलवायचा. कोकणातून आलेला सावंत 'येस सर' म्हणायचा आणि नंतर मला विचारायचा, काय म्हणाले रे? मग दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना गेनबाचा वर्ग भरे.

"समजा, ह्यो दांडा म्हंजे जू," तो काटकी आडवी धरून सांगे. "तुमचं दोन पाय म्हंजे दोन बैल. गाडी डावीकडं वढाय लागली, म्हंजे काय झालं? उजवा बैल पुढं पळाला. मंग त्याला आवरायचा, आन डाव्याला हाकायचा. जू सरळ, का गाडी सरळ. हाय काय त्यात?"

आम्हाला ते इतकं पटलं की विचारू नका. शंकरचा चेहरा तर उजळला. जन्मात पहिल्यांदा विमान त्याच्या घरचं झालं होतं.

चैत्र लागला, वारे सुटले, आणि एका महिन्यात तीनदा विमानानं गिरकी घेतली. पहिला शंकर, मग सावंत, मग मी. तिघेही एकटे उडत होतो, तिघेही माळाच्या मध्यावर फिरलो. माणसाला इजा कुणाला झाली नाही, पण एक विमान पार लंगडं होऊन शेडमध्ये जाऊन पडलं. दुसऱ्याचा पंख साहेबांनी आणि आम्ही मिळून कसाबसा शिवून काढला.

मग पुण्याहून रावसाहेब आले. रावसाहेब म्हणजे क्लबाचे सेक्रेटरी. निवृत्त अधिकारी, हातात काठी, आणि निकाल आधी ठरवून मग चौकशी करायची जुनी सवय. काठीनं माळ टोचत ते म्हणाले, "तिन्ही अपघात एकाच जागी. याचा अर्थ मैदान खराब आहे. पुढच्या रविवारी कमिटी बसेल, तसं लिहून टाकू आणि दुसरी जागा बघू."

गेनबा पुढे झाला. मुंडासं काढून हातात घेतलं. "साहेब, माज्या माळावर एक खडा दाखवा. एक. मी आज जातो."

"खडा नसेल, चढउतार असेल."

"पानी वतून दाखवतो. कुठं थांबलं तर सांगा."

रावसाहेब मोटारीत बसून निघून गेले. गेनबानं खरोखरच विहिरीवरून घागरी आणून माळाच्या मध्यावर ओतल्या. पाणी सरळ, पातळ पसरलं आणि जिरून गेलं. बघायला मात्र कुणी नव्हतं. तो आठवडा त्याला भाकर गोड लागली नाही. गावात बातमी गेली होती, आणि चावडीत त्याला जामीनकीची आठवण करून देणारेही निघाले होते.

शनिवारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर माळावर गेलो. गेनबा माझी वाटच बघत होता. "नकाशेवाले," तो मला याच नावानं हाक मारी, "इमान फिरलं तवा तुमी काय केलंत ते सांगा. खोटं न्हाई सांगायचं."

मी सांगितलं. नाक डावीकडे वळायला लागलं, उजवा पंख पुढे येताना दिसला. मला वाटलं, उजवा बैल पळाला. उजवा पाय मागे घेतला, डावा पुढे रेटला.

"बराबर केलंत," गेनबा म्हणाला. त्यानं एक बोट मिटलं. मग म्हणाला, "शंकर बी हेच म्हनला. सावंत बी. तिगांनी बराबर केलं, आन तिगांची इमानं फिरली. ह्ये कसं काय?"

मी ड्राफ्ट्समन, यंत्रांच्या रेघा मारून पोट भरणारा. पण त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. आकाशात मी नीट पाय द्यायचो, साहेबांनी शिकवल्याप्रमाणे. जमिनीवर घाबरलो की मात्र लिंबाखालचं जू आठवायचं. आणि साहेब विमानात सोबत असले की ते न बोलता आपल्या पायांनी आमची चूक सावरून घेत, त्यामुळे ती कुणाला दिसलीच नव्हती.

"गेनबा," मी विचारलं, "तुम्ही कधी दांड्यावर पाय ठेवून पाहिलाय?"

त्यानं कानाला हात लावला. दसऱ्याला झेंडूचे हार घालून ज्याची पूजा करायची, त्याच्यात पाय घालून बसायचं? चार वर्षं तो विमानं पुसत होता, पण आत वाकून हातानं. पाय त्यानं कधी लावला नव्हता.

तो विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालून आला. मग रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, पाय धुतले, मुंडाशाच्या टोकानं कोरडे केले, विमानाच्या कुशीला डोकं टेकवलं आणि चढून आत बसला. शेपूट लाकडी घोडीवर ठेवलेली होती. मी मागे सुकाणूपाशी उभा राहिलो.

"उजवा पुढं देतो," तो आतून म्हणाला. "काय झालं?"

"सुकाणू उजवीकडे वळलं."

"मंग इमान कुठं जाईल?"

"उजवीकडे."

"पुन्यांदा बघा."

त्यानं पुन्हा दिला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा दिला. मी पुढे जाऊन पाहिलं, तर तो आपल्या पायांकडे बघत बसला होता.

"जुवात उजवा बैल पुढं गेला तर गाडी डावीकडं जाती," तो हळू बोलला. "हितं उजवीकडं. म्हंजे वढत असलेल्या इमानाला मी आनखी वढाय शिकवलं. तुमाला तिगांनाबी मीच पाडलं."

मला त्याची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. कोडं सुटलं होतं. मी म्हटलं, "हे कुणाला सांगायची गरज नाही. आम्ही तिघं जू विसरतो. पुन्हा गिरकी होणार नाही."

"आन वहीत काय लिवतील? माळ खराब?"

"लिहू दे."

"न्हाई." तो खाली उतरला. "माळाला बोलता येत न्हाई, नकाशेवाले. त्याच्या वतीनं कुनी तरी बोलाय पायजे."

रविवारी शेडमध्ये घडीच्या खुर्च्या मांडून कमिटी बसली. गेनबानं मुंडासं काढून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. लिंबाखालचं शिकवणं, जू, बैल, सगळं. रावसाहेबांचा विश्वास बसेना. "बी.ए. झालेली, मॅट्रिक झालेली मुलं एका गाडीवानाचं ऐकून पाय देतात, असं मी मानू?"

देशमुख साहेब उठले, शंकरला दंडाला धरून विमानात बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. कमिटीला मागे, सुकाणूसमोर उभं केलं. मग शंकरच्या कानाशी तोंड नेऊन एकदम ओरडले, "डावीकडे फिरतंय, शंकर, डावीकडे!"

शंकरचा डावा पाय खाडकन पुढे गेला. सुकाणू कमिटीच्या डोळ्यांदेखत डावीकडे वळलं.

मग साहेब मराठीत बोलले. आम्ही त्यांना इतकं मराठी बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो. "या माणसानं एक गोष्ट चुकीची शिकवली, कारण ती त्याला माहीत नव्हती. मी सगळ्या गोष्टी बरोबर शिकवल्या आणि यांना एकही कळली नाही. लिहायचंच असेल तर माझं नाव लिहा."

रावसाहेबांनी दोघांपैकी कुणाचंच नाव लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं, की मैदान उत्तम आहे आणि क्लब इथेच राहील. आणि मैदानावरच्या मजुरानं शिकवण्याचं काम केलं, हे शिस्तीत बसत नसल्यानं त्याला महिनाअखेर कमी करावं. साहेब पुष्कळ भांडले. गेनबा भांडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "माळ उत्तम हाय, असंच लिवलंय ना?" रावसाहेबांनी वही फिरवून दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं वहीकडे नीट बघून घेतलं.

उरलेले आठवडे तो आमच्या मागे हात धुऊन लागला. आम्हाला जमिनीवर बसवून पायांत फळी द्यायचा, स्वतः समोर उभा राहायचा आणि एकाएकी डावीकडे किंवा उजवीकडे उडी मारायचा. "माज्या मागं या. ज्या अंगाला जायचं त्याच पायानं." दहादा, शंभरदा. शंकरच्या डोक्यातले बैल काही केल्या निघेनात, तेव्हा गेनबा त्याला म्हणाला, "तुज्या बैलांना मी आनलं, मीच बाजारात इकून येतो." शेवटी शंकर आडव्या वाऱ्यात सरळ उतरला. आम्ही टोप्या उडवल्या. गेनबा उकिडवा बसला होता, तो बसूनच राहिला.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. संध्याकाळी देशमुख साहेबांनी गेनबाला न विचारताच पुढच्या बैठकीत बसवलं, पट्टे आवळले, कानांवर टोपी चढवली. मुंडासं माझ्या हातात दिलं. चार वर्षं विमानांचे पंख बांधणारा माणूस पहिल्यांदा माळ सोडून वर गेला, आणि आम्ही वेड्यासारखे ओरडत विमानाखालून धावलो.

विमान भोसरीवर गेलं, परत आलं, आणि माळाच्या उत्तरेच्या टोकावर घिरट्या घालू लागलं. एक, दोन, तीन. उन्हं तिरपी झाली होती. एवढं खाली येऊन तिथे काय बघताहेत ते कळेना. सावंत म्हणाला, इंजिन बिघडलं असणार. रावसाहेबही त्या दिवशी आले होते. ते काठी टेकून उठले.

शेवटी विमान वळलं. वारा पश्चिमेकडून, अगदी आडवा. चाकं टेकली, नाक डावीकडे हललं, आणि तिथल्या तिथे सावरलं. एखादा दोरा ओढावा तसं सरळ येऊन थांबलं. साहेब पुढे आयुष्यभर शपथेवर सांगत, की माझ्या पायाआधी गेनबाचा पाय गेला होता. गेनबाच्या बाबतीत साहेब थोडं वाढवून बोलत, हे खरं. मी मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे.

गेनबा उतरला. आम्ही भोवती गोळा झालो, कसं वाटलं, काय दिसलं विचारू लागलो. त्यानं आमच्याकडे लक्षच दिलं नाही. घाईघाईनं तो रावसाहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो."

"काय झालं आता?"

"माळावर धोंडा हाय. पार त्या टोकाला, गवताच्या बेटात. त्या बेटाला मी वळसा घालून जायचो. वरून सावली दिसली. मी देशमुख साहेबांना तीनदा फिरवून आनलं. हाय."

त्या टोकाला विमान चार वर्षांत कधी गेलं नव्हतं, आणि पुढेही जाण्याचं कारण नव्हतं. रावसाहेब ते म्हणालेही. उद्यापासून गेनबाचा त्या माळाशी संबंध उरणार नव्हता, ते मात्र ते म्हणाले नाहीत. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि खाली बघितलं.

गेनबानं शेडमधून पहार घेतली. मी मुंडासं पुढे केलं, ते त्यानं डोक्याला न बांधता खांद्यावर टाकलं. आम्ही तिघे बरोबर निघालो, तर म्हणाला, "तुमी इमान बांधा. वारं वाढाय लागलंय."

आम्ही विमान बांधलं. बांधताना माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मान वर केली तेव्हा तो पार टोकाला पोचला होता. इतक्या लांबून पहारीचा आवाज ऐकू येत नव्हता. नुसती ती वर जाताना आणि खाली येताना दिसत होती.